बस आणि रेल्वेजवळची सोसायटी, झोनिंग आणि पार्किंग: नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

प्लॉटमालक, जुन्या सोसायट्यांचे सचिव, पहिला फ्लॅट घेणारी कुटुंबे आणि शेजारच्या बंगल्यात राहणारी माणसे, या चौघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चौघांचे हित नेहमी एकच नसते, म्हणून काही ठिकाणी आमचे मतही स्पष्ट लिहिले आहे. पार्किंगचा तक्ता आणि एफएसआयचे (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते त्याचे) आकडे शासन अधूनमधून सुधारते. नकाशा दाखल करण्याच्या दिवशी शेवटच्या सुधारणेसह असलेली प्रत समोर ठेवूनच हिशेब करावा.

१. माझ्या प्लॉटवर काय आणि किती बांधता येईल, हे नेमकं कुठे लिहिलेलं असतं?

दोन ठिकाणी. विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, प्लॉट कोणत्या विभागात, म्हणजे झोनमध्ये, येतो, त्यावर आरक्षण आहे का आणि समोरचा रस्ता किती मीटरचा आखला आहे हे दिसते. नाशिक महापालिका हद्दीचा सध्याचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. किती मजले, किती सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), किती पार्किंग हे सांगते एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे म्हणतात ती यूडीसीपीआर. डिसेंबर २०२० पासून ती मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रे वगळून राज्यभर लागू आहे.

पहिले काम झोन दाखला आणि भाग नकाशा काढण्याचे. त्यासाठी चालू सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि मोजणी नकाशा घेऊन शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनातील नगररचना विभागात अर्ज करा. प्लॉट महापालिकेच्या हद्दीबाहेर असेल, तर अर्ज नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे जातो.

झोन दाखल्यात ‘निवासी’ एवढेच लिहिलेले असते. पहिल्यांदा दाखला काढणारे इथे फसतात. निवासी-१ आणि निवासी-२ हा फरक मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आणि दुकाने, क्लिनिक, ऑफिस यांतले काय चालेल हे त्यावर अवलंबून असते. जागेवर टेप लावून मोजलेला रस्ता आणि डीपीतला रस्ता यांत अनेकदा दोन-तीन मीटरचा फरक निघतो. तो आधीच लेखी मिटवून घ्या.

२. ‘ट्रान्झिटजवळ’, म्हणजे बस, रेल्वे, मेट्रो अशा सार्वजनिक वाहतुकीजवळ. पण किती जवळ?

केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय ट्रान्झिट-केंद्रित विकास धोरणात दाट बांधकामासाठी स्थानकाभोवतीचा ५०० ते ८०० मीटरचा पट्टा धरला आहे, म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटांची चाल. पुण्यात मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटर, तर नागपुरात मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटर अशी आखणी झाली. अहमदाबादने बीआरटीएस (बससाठी राखीव मार्ग) आणि मेट्रोच्या दोन्ही बाजूंना २०० मीटरचाच पट्टा घेतला.

नकाशावर कंपास ठेवून काढलेले वर्तुळ आणि पायी चालायचे अंतर यांत मोठी तफावत असते. मधे गोदावरी, रेल्वेरूळ किंवा मुंबई-आग्रा महामार्ग आला, तर ३०० मीटरवर दिसणारे स्थानक पायी एक किलोमीटरवर जाते. म्हणून पट्टा आखताना चालण्याच्या वाटेनेच अंतर मोजावे असे आमचे ठाम मत आहे. नकाशावर जवळ दिसणाऱ्या घरातल्या आजी बसथांब्यापर्यंत पोहोचू शकत नसतील, तर त्या घराला गाडी लागणारच.

३. पण नाशिकमध्ये आज ट्रान्झिट आहे तरी काय?

महापालिकेच्या परिवहन कंपनीची सिटीलिंक बससेवा आहे. ती ८ जुलै २०२१ पासून धावते आणि तिची आखणी २५० बसची होती, त्यांतल्या २०० सीएनजीच्या. मुंबई-भुसावळ मार्गावरचे नाशिकरोड स्थानक आहे. एसटीची सीबीएस, ठक्कर बाजार आणि महामार्ग ही स्थानके आहेत. निमाणीवरून सिटीबसची मोठी ये-जा असते.

मेट्रो निओ अजून कागदावर आहे. राज्याने २०१९ मध्ये प्रकल्पाला मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. गंगापूर ते मुंबई नाका आणि गंगापूर ते नाशिकरोड असे दोन उन्नत मार्ग, सीबीएसला दोन्हींची गाठ, रबरी टायरच्या आणि वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या गाड्या, अशी ती योजना. प्रत्यक्ष उभारणी सुरू झालेली नाही.

४. बिल्डर म्हणतो, ‘समोर मेट्रो निओचं स्टेशन येणार, आपल्याला चार एफएसआय मिळणार.’ खरं आहे का?

नाही. चार हा आकडा पुणे-नागपूरच्या मेट्रो पट्ट्यांतल्या कमाल मर्यादेवरून उचललेला असतो. तिथेही तो सरसकट मिळत नाही, रुंद रस्ता असेल तरच मिळतो. प्रस्तावित स्थानकापासूनचे अंतर मोजून कुणालाही जादा हक्क मिळत नाही. पट्टा अधिसूचित व्हावा लागतो आणि नकाशा त्या तरतुदीखाली मंजूर व्हावा लागतो. घर घेताना मंजूर नकाशावरचा एफएसआयचा तक्ता आणि महारेरावर (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदवलेली मजल्यांची संख्या जुळते का ते पाहा. माहितीपत्रकातल्या चित्रावर पैसे देऊ नका.

५. मग सध्याच्या नियमाने किती एफएसआय मिळतो?

दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटला मूळ एफएसआय १.१०. त्यावर अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून ०.५० आणि उरलेला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकामहक्क, विकत घेऊन. टीडीआर किती वापरता येईल हे रस्ता ठरवतो. एकूण मर्यादा अशी: ९ मीटरपेक्षा कमी रस्ता १.१०, ९ ते १२ मीटर २.००, १२ ते १५ मीटर २.२५, १५ ते २४ मीटर २.५०, २४ ते ३० मीटर २.७५, आणि ३० मीटर व पुढे ३.००. अधिमूल्य एफएसआयसाठी रेडीरेकनरमधल्या जमीनदराच्या ३५ टक्के भरावे लागतात.

याशिवाय जिना, लिफ्ट, बाल्कनी अशा गोष्टींसाठी पूरक क्षेत्र मिळते. निवासी वापराला ते एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत असते आणि त्यालाही अधिमूल्य लागते. जुने नाशिक, पंचवटी, गावठाणे इथे दाट वस्तीचा वेगळा तक्ता चालतो. तिथे वरचे आकडे लावू नका.

या तक्त्यात बस कुठेच नाही. ३० मीटर रस्त्यावर दिवसातून चार बस जात असोत की दर दहा मिनिटांनी एक, एफएसआय तोच. नियम रस्त्याची रुंदी पाहतो आणि त्या रस्त्यावरून माणसे कशाने जातात हे पाहत नाही. ही उणीव दूर करावी, हाच या विषयातला मूळ मुद्दा आहे.

६. किती फ्लॅटना किती गाड्यांची जागा दाखवावी लागते?

फ्लॅटच्या कार्पेट क्षेत्रावर ठरते. १५० चौ.मी. आणि वर असेल तर प्रत्येक घराला २ कार. ८० ते १५० मध्ये प्रत्येकी १ कार. ४० ते ८० मध्ये दर दोन घरांमागे १ कार आणि २ दुचाकी. त्याहून लहान घरांना सक्ती सौम्य होत जाते आणि ३० चौ.मी.खालच्या घरांना दुचाकींचीच जागा लागते. पाहुण्यांसाठी ५ टक्के जादा धरायचे. शेवटी शहरनिहाय गुणक लावायचा, म्हणजे आलेल्या आकड्याला त्या शहरासाठी ठरवलेल्या आकड्याने गुणायचे.

कारची जागा किमान २.५ × ५ मीटर, दुचाकीची १ × २ मीटर. नकाशात हे चौकोन सहज बसतात, जागेवर बसत नाहीत. कारण कॉलम. दोन कॉलममधले मोकळे अंतर ५ मीटर ठेवले, तर कागदावर दोन गाड्या मावतात, पण प्रत्यक्षात कडेच्या गाडीचे दार कॉलमला लागते. दोन गाड्यांसाठी ५.४ मीटर आणि तीन गाड्यांसाठी ८ मीटरच्या आसपास मोकळे अंतर धरून कॉलमची जाळी आखावी. काटकोनात लावायच्या गाड्यांमागे वळायला ५.५ ते ६ मीटर हवेत. आर्किटेक्टने वरच्या फ्लॅटची आखणी आधी करून कॉलम ठरवले आणि पार्किंग नंतर बसवले, की हा गोंधळ हमखास होतो.

७. पार्किंगमुळे घर महाग होतं म्हणतात. कसं? जागा तर इमारतीखालीच असते ना?

एक हिशेब करू. १,००० चौ.मी.चा प्लॉट, १५ मीटरचा रस्ता. एफएसआय २.५० म्हणजे २,५०० चौ.मी. आणि पूरक क्षेत्र पूर्ण घेतले तर एकूण ४,००० चौ.मी. बांधकाम. ५५ चौ.मी. कार्पेटचा टू-बीएचके, त्याच्या वाट्याचा जिना, लिफ्ट, भिंती धरून साधारण ८० चौ.मी. खातो. म्हणजे ५० घरे.

प्रश्न ६ च्या तक्त्याने, गुणक लावण्याआधी, २५ कार आणि ५० दुचाकी. पाहुण्यांच्या धरून २७ आणि ५३. कारचा चौकोन साडेबारा चौ.मी.चा असला तरी तिला येण्या-वळण्याची वाट धरून २८ चौ.मी. लागतात, दुचाकीला ३. बेरीज ७५६ अधिक १५९, म्हणजे ९१५ चौ.मी.

प्लॉट हजारचा. त्यातून लिफ्टची लॉबी, जिना, पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर, अग्निशमन गाडीची वाट आणि कॉलम काढले, की जमिनीवर ५०० ते ६०० चौ.मी. उरतात. राहिलेल्या गाड्यांसाठी बेसमेंट किंवा यांत्रिक पार्किंग. बेसमेंटचा रॅम्प १:८ पेक्षा तीव्र चालत नाही. ३ मीटर खाली जायला २४ मीटर लांबी लागते आणि ६ मीटर रुंदीने १४४ चौ.मी. नुसता रॅम्पच खातो. त्यात नाशिकची जमीन: वर माती-मुरूम आणि थोडे खाली गेले की काळा पाषाण. ब्रेकर लावून फोडणे, आधारभिंत, पावसाळ्यात पाणी उपसणे, वॉटरप्रूफिंग, हा सगळा खर्च पन्नास घरांत वाटला जातो. ज्याच्याकडे स्कूटरच आहे, तोही तो भरतो.

आता त्याच प्लॉटला चार घरांमागे एक कार असा नियम लावून पाहा. १३ कार, पाहुण्यांची १, आणि दुचाकी तेवढ्याच ५३. जागा लागते ५५१ चौ.मी. बेसमेंटची गरजच उरत नाही. पार्किंगच्या तक्त्यातला एक आकडा बदलला, तर इमारतीचा एक आख्खा मजला वाचतो.

८. नियमात नेमके कोणते बदल व्हायला हवेत?

आमच्या मते क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी, ज्या मार्गावर सकाळपासून रात्रीपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी बस खरोखर येते, तिथल्या थांब्यांभोवती चालण्याच्या अंतराचा पट्टा आखावा. त्या पट्ट्यात कारची किमान सक्ती निम्मी करावी आणि मध्यम व लहान घरांसाठी काढूनच टाकावी. बिल्डरला जास्त पार्किंग द्यायचे असेल तर देऊ द्यावे, पण त्यालाही कमाल मर्यादा हवी. दुचाकींची जागा कमी करू नये. नाशिकमध्ये घरटी दुचाकी असतेच, आणि तिची जागा काढली तर ती फुटपाथवर चढते. सायकलसाठी तळमजल्यावर, पायऱ्या न चढता नेता येईल अशी जागा सक्तीची करावी.

जगभर दोन वाटा दिसतात. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये पार्किंगची किमान सक्ती शहरभर काढली आणि मेक्सिको सिटीने त्याच वर्षी किमानाच्या जागी कमाल मर्यादा आणली. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या ट्रान्झिट थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत किमान सक्ती लावायला शहरांना बंदी केली. नाशिकला यांतली कोणतीही वाट जशीच्या तशी चालणार नाही, कारण तिथल्या हिशेबात दुचाकी जवळजवळ नाही.

जादा एफएसआय द्यायचा तर तो पार्किंगच्या सवलतीबरोबरच द्यावा. नुसता एफएसआय वाढवून पार्किंगची सक्ती तीच ठेवली, की खालचे तीन मजले गाड्यांचे आणि वर घरे, असे मनोरे उभे राहतात. रस्त्यावरून चालणाऱ्याला नुसत्या जाळ्या आणि भिंती दिसतात, आणि संध्याकाळनंतर बायका-मुली त्या कडेने जाणे टाळतात.

९. पार्किंग कमी केलं तर गाड्या आमच्या गल्लीत उभ्या राहतील. आम्ही का सोसायचं?

ही भीती रास्त आहे, आणि रस्त्यावरच्या पार्किंगचा बंदोबस्त न करता नियम बदलला तर ती खरीही ठरेल. रस्त्यावर गाडी फुकट लावता येत असेल, तर लोक सोसायटीतली विकतची जागाही घेत नाहीत. तेव्हा आधी गल्लीची व्यवस्था आणि मग इमारतीची सवलत, हा क्रम सोडू नये.

बदलाआधी रात्रीची मोजणी करा. सोसायट्यांच्या चार-सहा जणांनाही ती जमते. आठवड्यातले दोन साधे दिवस आणि एक रविवार घ्या, रात्री १ ते ४ ही वेळ. गल्लीची लांबी मोजून, गेट आणि वळणे वगळून, ५ मीटरला एक याप्रमाणे किती कार मावतात ते लिहा. मग प्रत्यक्ष उभ्या कार, दुचाकी, रिक्षा, टेम्पो वेगवेगळे मोजा. त्याच रात्री इमारतींच्या आत किती जागा रिकाम्या आहेत तेही मोजा. गल्ली ८५ टक्क्यांहून जास्त भरलेली आणि आतल्या जागा रिकाम्या, असे चित्र निघाले तर अडचण जागेची नसून वाटपाची आहे.

त्यावरचे उपाय साधे आहेत: रहिवाशांना परवाना, बाहेरच्यांना तासाप्रमाणे शुल्क, एकाआड एक बाजूने पार्किंग, कोपऱ्यापासून काही मीटर पूर्ण मनाई, आणि शुल्काचा पैसा त्याच प्रभागातल्या फुटपाथवर. शेवटची गोष्ट झाली नाही, तर लोक शुल्काला विरोध करतात आणि तो विरोध योग्यच असतो.

१०. हे नियम बदलतो कोण? नगरसेवकाला भेटून काम होईल का?

एकट्या महापालिकेने ठराव करून यूडीसीपीआरचा तक्ता बदलत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. महासभेचा ठराव होतो, राजपत्रात आणि इतर मार्गांनी सूचना निघते, एक महिन्याच्या आत हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि प्रस्ताव शासनाच्या नगरविकास विभागाकडे जातो. नगररचना संचालकांशी विचारविनिमय करून शासन मंजुरी देते. राज्यभराचा तक्ता शासन स्वतःही बदलते, त्यासाठी कलम ३७ (१एए) आणि १५४ वापरले जाते.

नाशिकपुरता बदल हवा असेल, तर यूडीसीपीआरमध्ये शहरनिहाय विशेष तरतुदींचे प्रकरण आहेच. मागणी त्या चौकटीत मांडली तर ती पुढे सरकण्याची शक्यता जास्त. नगरसेवकांची मदत ठरावासाठी होते. त्यापुढचा रस्ता मंत्रालयातून जातो.

११. हरकत किंवा सूचना कशी लिहावी, म्हणजे ती खरंच वाचली जाईल?

सूचनेचा क्रमांक आणि दिनांक, तुमचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, कोणत्या नियमाला हरकत, का, आणि त्याजागी कोणते शब्द हवेत. एवढे एका पानात. सोबत प्रश्न ९ मधली मोजणी जोडा. शंभर सह्यांच्या एकाच मजकुरापेक्षा आकड्यांसह पाच वेगळी पत्रे सुनावणीत अधिक उपयोगी पडतात. आवक शिक्का घेतलेली प्रत ठेवा आणि ‘सुनावणीस हजर राहायचे आहे’ हे स्पष्ट लिहा.

१२. आमची सोसायटी तीस वर्षांची आहे. बस अगदी दारात, पण रस्ता साडेसात मीटरचा. पुनर्विकास परवडेल का?

सध्याच्या तक्त्याने कठीण आहे. ९ मीटरच्या खाली १.१० च मिळतो, अधिमूल्य नाही आणि टीडीआर नाही. अनेक जुन्या इमारतींनी जवळपास तेवढे आधीच वापरलेले असते, त्यामुळे विकायला वाढीव घरे उरत नाहीत आणि बिल्डर मागे फिरतो.

पाहण्याजोगा मार्ग म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवून तो ९ मीटरचा करून घेणे. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या प्लॉटधारकांची तयारी लागते, कारण प्रत्येकाच्या पुढची पट्टी जाते. एका सोसायटीने एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गल्लीतल्या सगळ्यांनी एकत्र करावा. शेजारच्या दोन-तीन प्लॉटचे एकत्रीकरण केले तर पार्किंगही एका रॅम्पवर भागते, आणि हा फायदा एफएसआयइतकाच मोठा असतो.

पुनर्विकासाची सभा, ठराव, संमती यांची पद्धत सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत आहे. कन्व्हेयन्स झालेले नसेल, तर सगळ्याआधी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) उरकून घ्या. प्लॉट सोसायटीच्या नावावर नसताना बोलणी सुरू केली की मूळ जमीनमालकाचे वारस नेमके मधल्या टप्प्यात उभे राहतात.

१३. बिल्डर स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं) पार्किंग वेगळे पैसे घेऊन विकू शकतो का?

नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी सांगितले की मोकळे आणि स्टिल्टचे पार्किंग म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे आणि बिल्डरला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. तो निकाल मोफा, म्हणजे राज्याच्या जुन्या फ्लॅट मालकी कायद्यावर होता. रेरा, म्हणजे केंद्राचा स्थावर संपदा कायदा, आल्यावर चित्र थोडे बदलले: मोकळे पार्किंग विकता येत नाही, गॅरेज आणि आच्छादित पार्किंगचा मोबदला घेता येतो. एप्रिल २०२४ पासून महारेराने करारनाम्याच्या जोडपत्रात पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतले नेमके ठिकाण लिहिणे आवश्यक केले आहे. ‘एक पार्किंग दिले जाईल’ एवढ्या ओळीवर सही करू नका.

पार्किंगची सक्ती कमी झाल्यावर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा होतो. पन्नास घरांत चौदा जागा असतील, तर त्या कुणाच्या, हे पहिल्या दिवशीच लिहिलेले असावे. त्या सोसायटीच्या ताब्यात ठेवून वार्षिक भाड्याने द्याव्यात, ही आम्हाला सर्वांत न्याय्य वाटणारी पद्धत आहे. गाडी नसलेल्याला देखभाल खर्चात सूट मिळते.

१४. यांत्रिक पार्किंग दाखवून आकडा भागवला तर?

नियमात चालते, रोजच्या वापरात अनेकदा फसते. एकावर एक गाडी ठेवणाऱ्या दोन मजली स्टॅकला साध्या कारसाठी साधारण साडेतीन मीटर आणि एसयूव्हीसाठी चार मीटरच्या आसपास स्वच्छ उंची लागते. बीमखाली मोजायची, स्लॅबखाली नव्हे. स्प्रिंकलरची पाइप आणि ड्रेनेजची लाइन मधे आली की वरची पातळी निकामी होते. साध्या स्टॅकमध्ये वरची गाडी काढायला खालची हलवावी लागते, म्हणून दोन्ही जागा एकाच घराला द्याव्यात. वीज गेल्यावर यंत्र जनरेटरवर चालते का आणि वार्षिक देखभाल करार किती वर्षांचा आहे, हे ताबा घेण्याआधी विचारा. बंद पडलेले यंत्र म्हणजे मंजूर नकाशावर दिसणाऱ्या, पण वापरता न येणाऱ्या जागा.

१५. गोदाकाठी प्लॉट आहे. बेसमेंट करावं का?

पूररेषा पाहिल्याशिवाय विचारही करू नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही, आणि दोन रेषांच्या मधे जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवावी लागते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत काठच्या वस्तीने पाणी पाहिले आहे. अशा प्लॉटवर पार्किंगची सक्ती शिथिल करणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य आहे. पाणी शिरताना गाडी काढायला बेसमेंटमध्ये उतरणे जिवावर बेतते.

१६. स्टिल्टमध्ये दोन गाळे बंद करून ऑफिस काढलं. गाड्या कुणाकडे नाहीतच. हरकत काय?

मंजूर नकाशाविरुद्धचा वापर, म्हणजे नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आणि भोगवटा दाखला अडकण्याची शक्यता. नाशिकला हे नव्याने सांगायला नको. फ्लॅटमधल्या कपाटांचे क्षेत्र एफएसआयमध्ये धरायचे की नाही, या वादावरून शेकडो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रखडले, लोक राहायला गेले आणि कर्ज, नळजोडणी, पुनर्विक्री या साऱ्याला अडथळे आले.

पार्किंग खरोखर रिकामे असेल, तर नियम बदलण्याची मागणी करायला हा चांगला पुरावा आहे (प्रश्न ११). भिंत बांधून मोकळे व्हायला तो आधार होत नाही.

१७. इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?

आत्ता गाडी नसली तरी प्रत्येक रांगेपर्यंत रिकामा कंड्युट (वायर ओढायची नळी) आणि मीटररूममध्ये वाढीव पॅनेलची जागा ठेवा. नंतर स्लॅब आणि कोबा फोडण्याचा खर्च कितीतरी जास्त येतो. दुचाकींच्या रांगेत साधे १५ अँपिअरचे पॉइंट पुरतात, आणि तिथेच गरज सर्वांत आधी येते.

१८. प्लॉटला दोन रस्ते आहेत, एक २४ मीटरचा आणि मागे ९ मीटरचा. हिशेब कोणत्या रस्त्याने?

एफएसआय रुंद रस्त्यावरून. गाड्यांचे गेट मात्र मागच्या रस्त्याला द्या. मोठ्या रस्त्यावर गेट ठेवले की बसथांब्याजवळचा फुटपाथ उतरता करावा लागतो, आणि त्या उतारावर पाय घसरतात ते थांब्यावर चाललेल्यांचेच. ट्रान्झिट पट्टा आखला गेला आणि प्लॉट अर्धा आत, अर्धा बाहेर आला, तर काय करायचे हे नियमातच लिहिलेले असावे. तसे नसले की प्रत्येक फाइलला वेगळा अर्थ लावला जातो. हरकतींच्या काळात हे जरूर मागा.

१९. आमचा नकाशा जुन्या नियमाने मंजूर आहे. उद्या पार्किंगची सक्ती कमी झाली तर बिल्डर ते कमी करून फ्लॅट वाढवू शकेल?

सुधारित नकाशा तो दाखल करू शकतो, पण विक्री झालेली असेल तर रेराच्या कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात असे बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. बुकिंगच्या वेळीच घेतलेली सरसकट, कोऱ्या स्वरूपाची संमती त्यासाठी पुरेशी धरू नका. करारनाम्यात तुमच्या नावावर लिहिलेली पार्किंगची जागा तुमच्या संमतीशिवाय हलवता येत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मूळ आणि सुधारित नकाशे दोन्ही दिसतात. ते दर तिमाहीला उघडून तळमजल्याचा नकाशा ताडून पाहा.